मदनपुऱ्यातील ती मुलगी : प्लेग, सक्ती आणि रुग्णाची मर्जी

महाराष्ट्रातील प्लेगच्या इतिहासातले दोन प्रसंग सर्वांना ठाऊक आहेत. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी प्राण ठेवला. त्याच वर्षी २२ जूनला पुण्यात चापेकर बंधूंनी प्लेग कमिटीचा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. हे दोन्ही प्रसंग शाळेच्या पुस्तकात आहेत आणि ते असायलाच हवेत. पण तिसरा एक प्रसंग कोणत्याही पुस्तकात येत नाही. तो मुंबईच्या मदनपुऱ्यात, मोमीन विणकरांच्या वस्तीत, ९ मार्च १८९८ रोजी घडला. ज्या बिरादरीत तो घडला तिची कितीतरी घरे आज आमच्याच ठाणे जिल्ह्यात, भिवंडीत आहेत. तरीही आमच्या मुलांना तो माहीत नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि माझ्यासमोर बसणाऱ्या मुलामुलींनाही तो माहीत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

हा इतिहास केवळ दंगलीचा नाही. आजारी माणसाच्या शरीरावर हक्क कोणाचा, सरकारचा, डॉक्टरचा, घरच्या कर्त्या पुरुषाचा, जमातीचा की खुद्द त्या आजारी माणसाचा, या प्रश्नाचा तो इतिहास आहे. हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी मदनपुऱ्यात उभा राहिला. शेणव्यासारख्या खेड्यातून शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात जाणाऱ्या बाईसमोर तो आजही उभा आहे.

प्लेग आला तेव्हा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. गोदीजवळची ती धान्याच्या वखारींची वस्ती होती. उंदरांना तिथे काही कमी नव्हते. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी फर्मान काढले. संशयित घरात शिरण्याचा, रुग्णाला सक्तीने इस्पितळात नेण्याचा आणि घरच्यांना वेगळे ठेवण्याचा अधिकार त्यांनी आपल्या हाती घेतला. लोकांत घबराट पसरली. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, हा सार्वत्रिक समज होता आणि तो अगदीच निराधार नव्हता, कारण पुष्कळ रुग्ण अखेरच्या अवस्थेतच तिथे पोहोचत. २९ ऑक्टोबरला सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. कमिशनरांना आपला हुकूम सैल करावा लागला.

पण ही माघार तात्पुरती होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. चार कलमांच्या या छोट्याशा कायद्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. त्यात रुग्णाचे कर्तव्य होते, हक्क एकही नव्हता. मार्चमध्ये जनरल गटाक्रे यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली. झडतीची पथके घरोघर फिरू लागली. स्वयंपाकघर, न्हाणीघर, जनानखाना काहीच वर्ज्य राहिले नाही. सामान जाळले गेले, भिंतींना चुना फासला गेला, छपरांची कौले काढली गेली.

मुंबई रिकामी होऊ लागली. १८९१च्या जनगणनेत शहराची वस्ती ८ लाख २१ हजारांच्या घरात होती. १८९७च्या फेब्रुवारीपर्यंत त्यातली निम्म्याच्या जवळपास माणसे शहर सोडून गेली होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६१ मध्येच कसाऱ्यापर्यंत पोहोचली होती. त्यामुळे पळणाऱ्यांच्या गाड्या आमच्याच वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डीवरून घाटाकडे जात होत्या. कल्याणसारख्या जंक्शनवर प्रवाशांना उतरवून तपासले जाई. प्लेगची गाठ जांघेत किंवा काखेत येते, म्हणून डॉक्टरचे हात तिथेच पोहोचत. परक्या पुरुषाने भर फलाटावर बायकांना असे तपासावे, हे ना हिंदूंना सहन होत होते ना मुसलमानांना. बायकांना बायकांनीच तपासावे आणि तेही आडोशाला, एवढी साधी मागणी होती. ती समजून घ्यायलाही राज्यकर्त्यांना पुष्कळ काळ लागला.

९ मार्च १८९८

गटाक्रे यांच्यानंतर प्लेग कमिटीची सूत्रे सर जेम्स कॅम्पबेल यांच्याकडे आली. ज्यांनी मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर तयार केले तेच हे कॅम्पबेल. ठाणे जिल्ह्याचा १८८२चा खंडही त्यांच्याच देखरेखीखाली निघाला. या मुलखातली गावे, जाती, धंदे, रीतिरिवाज यांची त्यांच्याइतकी माहिती असलेला दुसरा अधिकारी क्वचितच असेल. तरीही त्यांच्याच कारकिर्दीत मदनपुरा पेटला. लोकांची माहिती असणे आणि लोकांना विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हाच याचा अर्थ.

त्या दिवशी एक पथक मदनपुऱ्यातील एका मोमीन विणकराच्या घरी पोहोचले. त्या काळच्या सरकारी कागदांत या बिरादरीला ‘जुलाहा’ म्हटले आहे. घरात सुमारे बारा वर्षांची एक मुलगी तापाने फणफणत होती. घरच्यांनी तिच्या तपासणीला आणि तिला हलवण्याला विरोध केला. शेजारीपाजारी जमले, गर्दी वाढली, दगडफेक सुरू झाली, पोलिसांनी गोळीबार केला. बघता बघता दंगा शहरभर पसरला आणि मुसलमानांबरोबर हिंदूही त्यात उतरले. ग्रँट रोडच्या प्लेग इस्पितळावर जमाव चालून गेला. गोळीबारात माणसे मेली, जमावाच्या हातून काही युरोपियनही मेले. पुढचे दोन दिवस गोदी कामगारांनी आणि गाडीवानांनी काम बंद ठेवले. गोदी थांबली म्हणजे साम्राज्याची नाडीच थांबली.

इंग्रजी कागदांनी या घटनेला धर्मवेड्या, अडाणी मुसलमानांचा दंगा ठरवले. आपल्याकडच्याही काहींनी तोच सूर लावला. पण घटनेकडे नीट पाहिले तर काय दिसते? आम्हाला इलाज नको, असे लोक म्हणत नव्हते. हकीमाकडे, वैद्याकडे, दवाखान्यात ते जातच होते. न विचारता घरात शिरू नका, न सांगता माणूस उचलू नका आणि नेलेल्या माणसाजवळ कुणाला तरी बसू द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आजच्या भाषेत सांगायचे तर माहिती, संमती, खासगीपणा आणि सोबतीला नातलग. हे चारही मुद्दे आज रुग्णहक्कांच्या कोणत्याही सनदेत सापडतात. मदनपुऱ्याच्या विणकरांनी ते मागितले तेव्हा मात्र त्यांना दंगेखोर म्हटले गेले.

ज्यांना ठाऊक नव्हते त्यांचा अधिकार

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सक्ती करणाऱ्यांनाही प्लेग कसा पसरतो हे ठाऊक नव्हते. तो घाणीतून, कपड्यांतून, माणसाच्या स्पर्शातून पसरतो असे धरून सारी मोहीम चालली होती. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदराच्या पिसवेतून प्लेग माणसात येतो हे दाखवले. पण सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने ते मानले नाही. ते सर्वमान्य व्हायला पुढे बरीच वर्षे गेली.

उलट खेड्यापाड्यांतील माणसांनी उंदीर पडू लागले की गाव सोडायचे, हे अनुभवातून ओळखले होते. माळावर, शेतात झोपड्या बांधून राहायचे आणि साथ ओसरली की परतायचे. या रीतीचा उपयोग होतो हे पुढे सरकारनेही मान्य केले आणि गावे खाली करण्याला मदत केली. पिसवेचे नाव त्या माणसांना माहीत नव्हते, पण पिसवेपासून दूर जाण्याचा रस्ता त्यांना माहीत होता.

याचा अर्थ लोकांचे सारेच बरोबर होते, असा मुळीच नाही. मूर्खपणाच्या अफवा उठल्या होत्या. पुष्कळांनी रुग्ण लपवले, मढी घरातच पुरली आणि त्यामुळे शेजारी मेले. पुढच्या दोन-अडीच दशकांत या रोगाने देशभर एक कोटीहून अधिक माणसे नेली. पण लपवाछपवी जन्माला कशी आली? दार ठोठावणारा माणूस मदतीला आला आहे असे वाटले असते तर दार उघडले गेले असते. सक्तीने भीती वाढली, भीतीने रोग लपला आणि लपलेला रोग पसरला. हा हिशेब त्या काळच्या सरकारला पुरेशी किंमत मोजल्यावरच कळला. १८९८च्या अखेरीपासून घरझडती आणि सक्तीचे विलगीकरण हळूहळू सैल होत गेले. जमातींनी स्वतःची प्लेग इस्पितळे उघडली होती. आपली माणसे, आपले जेवण आणि आपल्या बायकांसाठी पडदा अशी सोय असल्याने लोक तिथे आपल्या पायांनी जात.

बायकुल्ल्याची सुई

याच शहरात, याच वर्षांत, दुसरा एक मार्गही दिसत होता. व्लादिमिर हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. कैद्याची ‘स्वेच्छा’ ही कितपत स्वेच्छा असते, हा सवाल आज आपण विचारलाच पाहिजे. परंतु बाहेरच्या जगात मात्र लस ऐच्छिक राहिली.

ती लोकांपर्यंत पोहोचवण्यात एका तरुणाचा मोठा वाटा आहे. इस्माइली खोजांचे इमाम आगाखान तिसरे तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्यांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपली प्रशस्त वास्तू दिली आणि लोकांदेखत स्वतः लस टोचून घेतली, तीही एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा. मग खोजा जमातीतील हजारो माणसे आपण होऊन पुढे आली. मदनपुऱ्यात दंगा झाला आणि खोजांच्या मोहल्ल्यात रांगा लागल्या. दोन्हीकडे मुसलमानच होते. मग ‘धर्मवेड’ हे कारण कसे टिकते? फरक धर्मात नव्हता, विचारण्याच्या रीतीत होता.

येथे इस्लामच्या आरंभकाळातील एक घटना आठवते. हजरत उमर शामच्या वाटेवर असताना अमवासच्या ताऊनची, म्हणजे साथीची, खबर आली. पुढे जावे की परतावे याचा हुकूम त्यांनी एकट्याने काढला नाही. मुहाजिरांना विचारले, अन्सारांना विचारले, कुरैशच्या बुजुर्गांना विचारले आणि मग परतीचा निर्णय घेतला. साथीच्या काळातही मशवरा होऊ शकतो, याची आठवण आम्हा मुसलमानांना तरी कुणी बाहेरून करून द्यायला नको.

नंतरच्या पिढ्या

सक्तीचा धडा आपण एकदाच शिकलो असतो तर बरे झाले असते. १९७६ मध्ये आणीबाणीत महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते अमलात आले नाही. पण १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या पुष्कळ लोकांच्या मर्जीविरुद्ध होत्या. त्यानंतर सरकारी आरोग्यसेवकाला पाहून लोक दार लावून घेऊ लागले. आमच्या वस्त्यांत पोलिओच्या थेंबांबद्दलही शंका निघाल्या, त्यांची मुळे याच अविश्वासात शोधावी लागतील. तो अविश्वास पोलिसांनी नाही, तर घरोघर जाऊन बोलणाऱ्या कार्यकर्त्या, इमाम आणि शिक्षक यांनी दूर केला. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

क्षयरोगाचा इतिहासही असेच सांगतो. क्षयरोग्याला घरापासून दूर सॅनेटोरियममध्ये ठेवावे, असा एकेकाळी पक्का समज होता. मद्रासच्या केंद्रात झालेल्या अभ्यासाने १९५९ मध्ये दाखवले की नियमित औषधे मिळाली तर घरी राहूनही रुग्ण तितकाच बरा होतो. पुढे सेवकासमोर गोळी गिळण्याची पद्धत आली. त्यानंतर पाकिटाखाली दडलेल्या नंबरावर रुग्णाने स्वतः फोन करून गोळी घेतल्याचे कळवण्याचीही सोय निघाली. नजर ठेवण्याकडून विश्वास ठेवण्याकडे असा हा प्रवास आहे. तो अजून पुरा झालेला नाही.

मार्च २०२०मध्ये कोरोना आला तेव्हा महाराष्ट्र सरकारने तोच १८९७चा कायदा पुन्हा बाहेर काढला. दारावर स्टिकर लागले, रुग्णांची नावे गावभर झाली आणि माणसे पुन्हा ताप लपवू लागली. त्याच वर्षी भिवंडीच्या शांतीनगर भागातील मशिदीत रुग्णांसाठी मोफत ऑक्सिजनची सोय झाली आणि ती सर्व धर्मांच्या लोकांसाठी खुली होती. १८९७च्या जमात-इस्पितळांची ही नातवंडेच म्हणायची. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल खटल्यात निकाल दिला की कोणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. आपल्या शरीराबाबतचा निर्णय हा घटनेच्या २१व्या कलमाने दिलेल्या हक्काचा भाग आहे. समाजाच्या हितासाठी काही वाजवी बंधने घालता येतील, असेही न्यायालयाने सांगितले. मदनपुऱ्याच्या विणकरांचे म्हणणे देशाच्या सर्वोच्च न्यायासनावरून ऐकू यायला १२४ वर्षे लागली.

त्या मुलीला कोणी विचारले?

इथवरचा इतिहास सांगून थांबणे मला सोयीचे होते. सरकार चुकले, लोक बरोबर होते, असे म्हणून आपल्या कौमची पाठ थोपटता आली असती. परंतु एक प्रश्न राहतोच. मदनपुऱ्यातील त्या बारा वर्षांच्या मुलीला कोणी काही विचारले का?

सरकारने विचारले नाही. घरच्यांनी विचारल्याचेही दिसत नाही. जमाव तिच्या नावाने रस्त्यावर उतरला, पण इतिहासाच्या कागदांत तिचा एक शब्द नाही. ती होती तापात, वयाने लहान. घरच्यांनी तिच्या वतीने बोलावे हे त्या वयात रास्तच होते. पण आमच्या घरांत मुलगी बारा वर्षांची असो, बावीसची असो की बेचाळीसची, तिच्या वतीने बोलणारे कायम दुसरेच कोणी असते. सरकारची सक्ती दिसते, कारण ती गणवेशात येते. घरातली सक्ती मायेच्या रूपात येते, म्हणून ती दिसत नाही.

शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत बाईचे दुखणे आधी सासूला कळते, मग नवऱ्याला आणि शेवटी डॉक्टरला. डॉक्टरसमोर बसल्यावरही ‘काय होतंय?’ या प्रश्नाचे उत्तर नवराच देतो. ठाकूर, कातकरी पाड्यांवर हे आहे आणि आमच्या मोहल्ल्यांतही आहे. शस्त्रक्रियेचा कागद पुढे आला की सही कोणाची, याचा कुणाला विचारही करावा लागत नाही. कागद मराठीत किंवा इंग्रजीत असतो आणि बाई वाचते उर्दू. ज्या मजकुराखाली अंगठा उठतो तो तिला कोणी वाचून दाखवत नाही.

कायदा काय सांगतो ते पाहावे. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्याचा निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका प्रौढ स्त्रीचे गर्भाशय, तिच्या आईची संमती घेऊन, काढून टाकण्यात आले होते. न्यायालयाने स्पष्ट केले की रुग्ण सज्ञान असेल आणि तातडीने जीव वाचवण्याची वेळ नसेल, तर आईची संमती ही रुग्णाची संमती होऊ शकत नाही. जिथे आईची चालत नाही तिथे सासूची आणि नवऱ्याची कशी चालेल? कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेलाही जोडीदाराच्या संमतीची अट सरकारी नियमांत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले की रुग्णाने मागितल्यास त्याची कागदपत्रे त्याला द्यावी लागतील. २००२च्या नियमांनी त्यासाठी ७२ तासांची मुदत घातली. मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली आणि महाराष्ट्राने २०२१च्या नर्सिंग होम नियमांत रुग्णांचे हक्क नमूद केले. आपल्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे हा त्यातलाच एक हक्क आहे.

हक्क कागदावर आले, पण ते घरात यायचे आहेत. हे काम सरकार एकट्याने करणार नाही. मला वाटते, ते शाळेपासून सुरू होऊ शकते. सातवी-आठवीच्या मुलीला आपल्या आजाराचे नाव विचारता यावे, चिठ्ठीवरच्या औषधाचे नाव आणि वेळ वाचता यावी, ‘हे औषध कशासाठी? दुसरा इलाज आहे का? नाही घेतले तर काय होईल?’ हे तीन प्रश्न मराठीत आणि उर्दूत विचारता यावेत. आपल्या कागदांची एक फाइल घरी असावी आणि ती तिच्या हाती असावी. त्यासाठी वेगळे पुस्तक नको, वेगळा तास नको. भाषेच्या तासाला संवादाचा एक धडा पुरेसा आहे. मशिदीतून, महिला बचत गटातून, आशाताईंच्या बैठकीतूनही हे सांगता येईल.

आपल्या प्रकृतीचा निर्णय आपण घेणे म्हणजे डॉक्टरला झिडकारणे नव्हे आणि वडीलधाऱ्यांचा अनादरही नव्हे. डॉक्टरला ज्ञान आहे, वडिलांना अनुभव आहे, जमातीला माया आहे. या तिघांचा मशवरा जरूर घ्यावा. पण दुखणे ज्याच्या अंगात आहे त्याचा शब्द शेवटचा असावा. १८९८ मध्ये मदनपुऱ्याने सरकारला सांगितले होते की आम्हाला विचारल्याशिवाय आमच्या मुलीला हात लावू नका. आता एवढेच करायचे आहे की आपणही आपल्या मुलीला विचारू लागू.